चेस्टनटवरचा मुक्काम

एड्विन थॉर्पने कमरेचा पट्टा तपासला, दोराच्या गाठी तपासल्या, हेल्मेटचं बक्कल तपासलं आणि तो पुन्हा पट्ट्याकडे वळला, तेव्हा ग्लेनिसबाई म्हणाल्या, "अरे, तेवढ्यात झाड म्हातारं होईल. चढ आता."

ग्लेनिसबाई मूळच्या वेल्सच्या. झाडं छाटायचा धंदा वडिलांकडून आलेला. गुडघा गेल्यापासून त्या स्वतः चढत नसत, पण जीभ शाबूत होती आणि तेवढ्यावर धंदा झकास चालला होता. एड्विन त्यांच्याकडे हिवाळ्यापासून उमेदवारी करत होता. त्याआधीचा सगळा जन्म एका विमा कंपनीच्या नियमपालन विभागात गेलेला. दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही ते बघायचं, आणि पाळले नसतील तर शक्य तितक्या सौम्य शब्दांत कळवायचं, एवढंच त्याचं काम. एके दिवशी ऑफिसच्या खिडकीबाहेर दोरावर लोंबकळत फांद्या छाटणारा एक माणूस त्याला दिसला. तो चक्क शीळ घालत होता. एड्विनच्या मजल्यावर कुणी शीळ घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. झालं, त्या दिवसापासून याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

बायको, हिलरी, सुज्ञ बाई. तिने आकांडतांडव केलं नाही, फक्त अट घातली. तिकडचा उन्हाळा, म्हणजे जून, लागायच्या आत ग्लेनिसबाईंनी कायम केलं तर ठीक, नाही तर मुकाट्याने परत ऑफिसात. साहेबांनी त्याची जागा अजून भरली नव्हती, हेही तिने बाहेरच्या बाहेर विचारून ठेवलं होतं. आणि ग्लेनिसबाईंनी सांगून टाकलं होतं की आज मोठ्या झाडावर एकट्याने चढायचं, फांदी उतरवायची आणि धड खाली यायचं. जमलं तर कायम, नाही जमलं तर राम राम.

आता एवढ्या मोठ्या हेरफर्डशायर परगण्यात झाडं काय कमी आहेत? पण नशिबाचा खोडसाळपणा असा, की गाडी ज्या फाटकापुढे थांबली तिथे जेराल्ड व्हिटलॉक उभे होते. म्हणजे विमा कंपनीतले तेच साहेब. रजेच्या दिवशीही टाय लावून, हातात चहाचा कप घेऊन. त्यांच्या घराला खेटून चेस्टनटचं एक अवाढव्य झाड होतं आणि त्याची एक फांदी काचेच्या खोलीवर ओणवी झाली होती.

"अरे वा, एड्विन. तुम्हीच का?" साहेब म्हणाले. एड्विनने आपण तेच असल्याचं कबूल केलं. मग दोघांनी हवेविषयी समाधान व्यक्त केलं आणि तो अवघड प्रसंग तिथेच मिटला.

मे महिना म्हणजे पक्ष्यांच्या विणीचा. अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला धक्का लावणं हा गुन्हा. म्हणून आधी खालून दुर्बिणीने झाड न्याहाळायचं असतं. एड्विनने ते इतक्या बाजूंनी न्याहाळलं की ग्लेनिसबाईंनी शेवटी त्याच्या हातातून दुर्बीण काढून घेतली. मग तो चढला आणि खरं सांगायचं तर छान चढला. पानांतून ऊन गळत होतं, खाली साहेबांचं टक्कल वाटाण्याएवढं दिसत होतं, आणि माणसाला आयुष्यात आणखी काय हवं असतं, असा विचार करत तो त्या फांदीवरून थेट टोकापर्यंत गेला. आडवा दोर पक्का केला, करवतीला हात घातला आणि सहज मागे वळून पाहिलं.

मागे, तो आत्ताच जिथून आला होता तिथल्या बेचक्यात, काड्यांच्या एका केविलवाण्या ढिगाऱ्यावर एक जाडजूड रानकबूतर बसलं होतं. मघाशी पानांआड होतं, हललंसुद्धा नव्हतं. ते त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होतं. बुंध्यावरून आलेला त्याचा दोर बरोबर त्या ढिगाऱ्याच्या काठावरून गेला होता.

त्याने खाली आवाज देऊन परिस्थिती सांगितली.

"मग कापायचं राहू दे. ये खाली," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"येता येत नाही. मी मागे सरकलो की दोर घरट्यावरून घासत येणार. चार तर काड्या आहेत, अंड्यांसकट खाली येईल सगळं."

"कबुतराचं घरटं आहे ते, राजवाडा नाही. वाऱ्यानेसुद्धा पडतं."

"वाऱ्याला कायदा लागू नाही, बाई."

खाली उभ्या असलेल्या जेराल्डसाहेबांनी नकळत मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. ग्लेनिसबाईंनी आधी वर पाहिलं, मग शेजारी पाहिलं, आणि आपण दोन कारकुनांच्या कचाट्यात सापडलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा दुसरा चढणारा गडी लग्नासाठी स्पेनला गेला होता. दुपारी पलीकडच्या गावात आणखी एक झाड घेतलेलं होतं. त्या आपल्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी सँडविच काढलं.

एड्विनचा बेत साधा होता. कबूतर कधी ना कधी दाणे टिपायला उठेल, तेवढ्यात हात लांबवून दोर उचलून घ्यायचा. साहेबांनी फोनवर माहिती काढली आणि ती खालून मोठ्याने वाचून दाखवली. या जातीत नर आणि मादी पाळीपाळीने बसतात, घरटं सहसा रिकामं सोडत नाहीत. अंडी दोन-अडीच आठवड्यांत फुटतात. पिल्लं उडायला पुढे महिनाभर. माहिती अचूक मिळाल्याचं समाधान त्यांच्या आवाजात स्पष्ट होतं.

एव्हाना गल्लीला वास लागला होता. तिथे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही, ते असभ्य दिसतं. त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या गाड्या धुवायची आठवण झाली. शेजारच्या एनिड फार्दिंगबाई तेवढ्या धीट, त्या कुंपणापाशी आल्या. झाडावर माणूस का बसला आहे हे काही त्यांनी विचारलं नाही.

"ऊन छान पडलंय नाही आज?" त्या वर बघून म्हणाल्या.

"फारच छान. इथे तर जास्तच," एड्विन म्हणाला.

मग ग्लेनिसबाईंनी खरा प्रकार सांगितला. फार्दिंगबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. एका पाखरासाठी हा माणूस वर उपाशी बसलाय? त्या लगबगीने आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. अवजारं वर चढवायची बादली होतीच, तीतून कप वर गेला. एड्विनने तो प्यायला, कारण एवढ्या मायेने केलेल्या चहाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. ते पाहून साहेबांना वाटलं, माणूस आपल्या झाडावर आणि चहा शेजारणीचा? त्यांनी आपला पाठवला. तो नाकारला असता तर ऑफिस सोडल्याची कटुता अजून आहे असा अर्थ निघाला असता, म्हणून एड्विनने तोही संपवला. मग समोरच्या घरातून एक मोठा मग आला. त्यांच्याशी तर साधी ओळखही नव्हती, त्यामुळे नकार देणं आणखीच कठीण होतं.

आता चहाचं एक असतं. तो वर बादलीने चढवता येतो, पण पुढची व्यवस्था करता येत नाही. दुपार कलली तसा एड्विन फांदीवर चुळबुळायला लागला. पायाची तिढी घातली, सोडली, पुन्हा घातली. त्यातून फांदीच्या टोकासमोर, दोन हातांवर, साहेबांच्या न्हाणीघराची खिडकी होती. ती उघडी होती आणि आतलं पांढरंशुभ्र भांडं उन्हात चमकत होतं. कबुतरापुढे त्याने हार मानली नव्हती, पण आता डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"साहेब," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "मला जरा तातडीचं आहे."

साहेबांना कळलं. असल्या गोष्टी न बोलणाऱ्या पिढीचे असले तरी कळलं. ते धावत वर गेले आणि न्हाणीघराच्या खिडकीत उगवले ते कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू द्यायची लांबलचक काठी घेऊन. काठीच्या टोकाला खाच होती. तिने दोर घरट्यावरून अलगद उचलून धरायचा, असा त्यांचा बेत होता. पण अर्ध्यावर त्यांची सवय आडवी आली. काठी निसटली तर जबाबदारी कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"माझी. सगळी माझी," एड्विन म्हणाला. "फक्त लवकर."

खाचेत दोर बसला. साहेबांनी श्वास रोखला, जीभ दातांत धरली आणि दोर तसूतसूने वर उचलला. कबुतराने मान कलती करून पाहिलं आणि पुन्हा बसून घेतलं. वाट मोकळी झाली. आता एड्विनने फांदीवरून मागे यायचं, बुंध्यापाशी जायचं आणि शिस्तीत दोरावरून उतरायचं. हे त्याला ठाऊक होतं. पण बुंधा लांब होता आणि खिडकी जवळ होती. तो फांदीच्या टोकावरून चौकट धरून खिडकीत शिरला, दोर काढून साहेबांच्या हातात दिला, "असाच धरा, सैल सोडू नका," म्हणाला आणि आतल्या अंगाला वळून त्याने त्यांना तोंड बाहेरच ठेवायची विनंती केली.

गाड्या धुणाऱ्यांनी हलक्या हातांनी टाळ्या वाजवल्या. साहेब बाहेर बघत काठी तोलून उभे होते. टाय खांद्यावर उडाला होता, चेहरा लालबुंद झाला होता. ग्लेनिसबाईंनी खालून दोर हळूहळू ओढून घेतला, तरी ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

एड्विन पुढच्या दारातून बाहेर आला तेव्हा ग्लेनिसबाई गाडीत बसल्या होत्या.

"चाळीस वर्षं या धंद्यात आहे," त्या म्हणाल्या. "झाडावर चढलेला माणूस जिन्यावरून खाली आलेला आज पहिल्यांदा पाहिला."

  फांदी जिथल्या तिथे होती, दुपारचं काम बुडालं होतं. "माणूस म्हणून तू चांगला आहेस, एड्विन," बाईंनी सुरुवात केली. अशी सुरुवात करून त्याने स्वतः शेकडो लोकांना नकार कळवले होते. पुढे "पण" येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी हिलरीला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करायला लागला.

तेवढ्यात गाडीच्या काचेवर टकटक झाली. फार्दिंगबाई होत्या. त्यांच्याकडे सफरचंदाची जुनी झाडं होती, आजवर कुणाच्या हाती द्यायचा धीर झाला नव्हता. पण या माणसाच्या हाती त्या देणार होत्या, फक्त याच्याच. त्यांच्यामागे समोरच्या घरातले गृहस्थ उभे होते, त्यांना आपलं ओकचं झाड छाटून हवं होतं. त्यांच्यामागे आणखी कुणी. बघता बघता गाडीपाशी रीतसर रांग लागली आणि प्रत्येकाला तो कबूतरवालाच हवा होता. ग्लेनिसबाईंनी आलेला "पण" गिळला.

"उद्यापासून तू कायम," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एड्विन दुर्बीण घेऊन त्या सगळ्या बागांतून हिंडला. फार्दिंगबाईंच्या झाडावर साळुंकीएवढं काहीतरी पिल्लांना भरवत होतं, ओकवर खार आणि कावळा दोघेही नांदत होते, आणि जिथे काही नव्हतं तिथे घरटं बांधायला सुरुवात झाली होती. त्याने एकूण एक काम सप्टेंबरवर ढकललं. ग्लेनिसबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी त्याला कायम केलं होतं आणि त्याच्यापाशी उन्हाळाभर कापायला एक डहाळी नव्हती. शेवटी त्यांनी त्याला आपल्या लाकडाच्या वखारीतल्या खोलीत बसवलं, एक टेबल दिलं आणि फोन घ्यायला सांगितलं. हिलरीने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे ऑफिसच की." त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सोमवारी सकाळी पहिला फोन वाजला. पलीकडे जेराल्डसाहेब होते, आणि फार हळू बोलत होते.

"एड्विन, तुमच्याकडे दोर धरायला माणूस लागतो का?"

 एड्विनने उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न विचारला. "उंचीची भीती वाटते का, साहेब?"

"नाही. मला या खुर्चीची वाटते."

 पण माणसाला अंधारात ठेवणं एड्विनच्या तत्त्वात बसत नव्हतं. "साहेब, इथेही सप्टेंबरपर्यंत खुर्चीच आहे," तो म्हणाला.

 साहेबांच्या मागे कुणीतरी बैठक सुरू होत असल्याचं त्यांना सांगत होतं.

"खिडकी उघडते का तिथली?" त्यांनी विचारलं.

एड्विनने मान वळवून पाहिलं. "उघडते."

"मग येतो."