मंत्रीची शीट

"माझ्या गाडीवरून आता कुत्रा पडला, तं मिशा काढून टाकीन!"

फुलचूरच्या गुड्डूनं पानठेल्यावर हे जाहीर केलं, अन् त्याला कारणही होतं. मागच्या साली त्याचा मंत्री नावाचा कुत्रा चालत्या मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. गुड्डूनं हायच खाल्ली. मागची शीट कापून काढली, तिथं कठडेवाली लोखंडी पेटी वेल्ड करून घेतली. खाली गादी, छातीला दोन पट्टे, डोळ्याला चष्मा! खऱ्या मंत्र्यालाही एवढी सुरक्षा नसेल.

गुड्डू तेहतीस वर्षांचा. पाच एकर धान, घर पक्कं, दारू नाही, खर्रा नाही. तरी दहा ठिकाणून नकार! आजकाल पोरीच्या बापाला चपराशी चालतो, पण शेतकरी म्हटलं की तोंड कडू होतं. अकरावी पोरगी चिचगडची नीतू. ती स्वतः म्हणाली होती, शेतकरी चालेल. वर निरोप, "कुत्र्यालेबी घेऊन या, मले आवडतात." गुड्डू कानात वारं शिरलेल्या वासरासारखा नाचला.

सोयरीक आणणारे शालीकराम मामा सकाळीच सफारी घालून दारात उभे.

"अन् मी कुठी बसू बे?"

"तुमी एसटीनं या ना मामा. मंत्रीले एसटीत घेत नाहीत."

"म्हंजे कुत्रा गाडीवर अन् मामा एसटीत?"

"त्याले पट्टा हाये जी. तुमाले कायले बांधू?"

मामा शिव्या घालत स्टँडकडे गेले.

बोलावणं अकराचं होतं. पण मंत्रीला हिसका बसू नये म्हणून गुड्डू तीसच्या वर जाईना. खड्डा दिसला की उतरून गाडी ढकले! देवरीला चहाला थांबला, तर चष्मेवाला कुत्रा पाहायला अख्खा चौक गोळा झाला. कोणी सेल्फी काढल्या, कोणी व्हिडिओ. गुड्डूही शहाणा, पट्टा कसा बांधायचा ते दोनदा करून दाखवत बसला. चिचगडला पोचला दीड वाजता. व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता! खाली कोणीतरी लिहिलं होतं, "नवरदेव मागं बसला, डायवर समोर."

अंगणात शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसत होते. मामा तिसरी प्लेट पोहे खाऊन फुगले होते. पोरीचा बाप उदाराम तेवढा गंभीर.

नीतू बाहेर आली. मंत्रीला कुरवाळलं, पट्टा ओढून पाहिला, गादी दाबून पाहिली.

"लय जपता जी तुमी," ती म्हणाली.

मामांनी गुड्डूला कोपरानं ढोसलं. जमलं! पण नीतूची नजर हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत गेली आणि पुन्हा मागं आली.

"मंग तुमच्या मांगं मी कुठी बसू?"

कार बुक केली हाये म्हण, नवी गाडी येऊन राहिली म्हण! मामा डोळ्यांनी खुणावून दमले. पोरगी पाहायला गेलेल्या माणसानं खरं बोलू नये, एवढी साधी अक्कल गुड्डूला नव्हती.

"दहा जनींनी नाही म्हटलं जी," तो म्हणाला. "मांगं कोनी बसन, असं वाटलंच नाही. म्हनून शीट कापली."

आता कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं गुड्डूला झालं. नीतूनं मान खाली घातली, अन् तशीच आत निघून गेली.

उदाराम खाकरला. "कळवतो."

दहाही बापांनी हाच शब्द वापरला होता. त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. गुड्डूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मुकाट्यानं मंत्रीचे पट्टे बांधू लागला, एकेक ओढून पाहू लागला.

उदाराम फाटकापर्यंत आला. मंत्रीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "जनावर लय गुनाचं हाये. आमच्या नीतूसाठी असंच एखादं पाहून देता का जी?"

गुड्डूनं किक मारली.

"कळवतो," म्हणाला.