चंद्रीच्या चालीने

संपतकाकांची घोडी लंगडू लागली, तेव्हा काकाही लंगडू लागले. त्यांच्या पायाला काही झालेलं नव्हतं.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी नालवाडीच्या शाळेत मास्तर होतो; आई आणि मी काकांच्या शेजारी राहत होतो. त्यांचं कपाशीचं वावर पवनारच्या वाटेवर. तिथे ते चंद्री नावाच्या पांढऱ्या घोडीवरून जात. ऐन उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगेत तिचा पुढचा डावा पाय अडकला आणि गुडघ्याखालची शीर ओढली गेली. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय चाचपून सांगितलं, "गार पाणी, पट्टी, आराम. पुढे दोरी धरून सावकाश चालवा. घाईत शीर पुन्हा ओढली गेली, तर घोडी कायमची गेली समजा."

पट्टीसाठी काकांनी स्वतःचा फेटा फाडला. काकू अंगणातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "नवऱ्याच्या डोक्यावरचं घोडीच्या पायाले गेलं. माहा गुडघा दुखते तं चिंधीबी नाई भेटत."

पावसाच्या तोंडाशी काकांनी तिला सडकेवर फिरवायला काढलं. इकडे ती लंगडते आहे, शेजारी हे लंगडताहेत. मला राहवेना. कारण विचारलं.

"एकटी लंगडली तं लोक तिच्याकडंच पाह्यतीन," काका म्हणाले. "दोघं लंगडलो तं अर्धे माह्याकडं पाह्यतीन. सवाल इज्जतीचा हाय मास्तर."

काकांना सगळेच सवाल इज्जतीचे वाटत. वरणात मीठ कमी पडलं तरी.

मी बारकाईने पाहू लागलो. एके दिवशी म्हटलं, "काका, तिचा डावा पाय दुखतो आणि तुम्ही उजव्याने लंगडता."

ते थांबले. स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या. "समोरून येणाऱ्याले सारखंच दिसते," म्हणाले आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी मात्र डाव्याने लंगडत होते.

श्रावणात आई गेली. येणारा प्रत्येकजण काही ना काही बोलून गेला. काका मात्र चंद्रीला घेऊन फाटकाशी उभे राहिले. म्हणाले, "चला मास्तर, हिले फिरवून आणू. तुमची आजची चाल सावकाश हाय, हिच्या कामाची." तेव्हापासून आम्ही तिघं रोज जात असू. घोडी मधे.

दसऱ्याला काकांनी चंद्रीला झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं. डॉक्टर मुद्दाम आले. शीर चाचपली आणि म्हणाले, "जरा दुडकी चालवा." काकांनी दोरी सैल सोडली. चंद्री सडकेच्या वळणापर्यंत दुडकत गेली आणि तशीच परत आली. सरळ. काकांना मात्र सरळ चालायला आणखी काही दिवस लागले. सवय झाली होती.

दिवाळी आली. आमच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली, तीही झाकून. काकांकडून काही आलं नाही. त्याचं मला थोडं नवल वाटलं.

दिवेलागणीला बाहेर आलो. साऱ्या गल्लीत पणत्यांची रांग होती. ती आमच्या दाराशी तुटलेली असणार, हे ठाऊक होतं. पण ती एक घर आधीच तुटली होती. काकांच्या ओट्यावर काळोख होता आणि त्यात काका-काकू दोघं बसलेली.

"काका, पणत्या?"

"तेल सरलं मास्तर. चंद्रीच्या पायाले लागलं सारं."

"तिचा पाय तर केव्हाच बरा झाला."

खुंट्याशी चंद्री चारही पायांवर सारखा भार देऊन उभी होती. काका उठले आणि तिला वैरण टाकायला गेले. जाताना ते किंचित लंगडत होते.