दामलेकाकांचे जर्मन

जपानातल्या फुनाबोरीत आमच्या इमारतीखाली एक कोंबिनी आहे. कोंबिनी म्हणजे दिवसरात्र उघडं असणारं छोटं दुकान. तिथे मी दुधाचा खोका हातात घेऊन रांगेत उभी होते, आणि मागून कुणीतरी खणखणीत मराठीत म्हणालं, "मूळ जर्मन आहे हं."

परदेशात असं अचानक मराठी कानावर पडलं की माणूस आधी दचकतो, आणि मग मघाशी आपण फोनवर कुणाबद्दल काय काय बोललो ते आठवायला लागतो. मी वळून पाहिलं. साठी कधीच उलटलेले, किडकिडीत, पांढरी मिशी, कडक इस्त्रीचा शर्ट. मी खोक्यावरचं वाचलं आणि म्हटलं, "नाही हो, होक्काइदोचं आहे."

"दूध नव्हे. वर!" त्यांनी छताकडे बोट केलं. छतातल्या स्पीकरमधून जपानी मुलींच्या कुठल्याशा ग्रुपचं गाणं चाललं होतं. "मुलींकडे लक्ष देऊ नका. खालचा ड्रम ऐका. सरळ. गिरकी नाही, नखरा नाही. पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीतल्या पोरांनी बसवलेला ठोका आहे हा. या मुलींना पत्ताही नसेल."

माझा नंबर आला, मी पैसे दिले आणि सुटले. पण सुटले कसली? लिफ्टमध्येही हे माझ्याबरोबर, आणि उतरले ते आमच्याच मजल्यावर. अशी दामलेकाकांची आणि माझी ओळख झाली.

माझे आजोबा विमानापासून मधुमेहाच्या औषधापर्यंत सगळं वेदांत आहे म्हणायचे. दामलेकाकांचे वेद जर्मनीत होते, आणि तेही १९७० च्या आसपासचे. माझी रेवा टॅबलेटवर गेम खेळत असली की काका दारातून कान टवकारून म्हणणार, "मूळ जर्मन." रेवा मान वर न करता "उसो!" म्हणजे "खोटं!" असं म्हणणार. लग्नातला डीजे? मूळ जर्मन. माझा नवरा सुहास योगासनांना लावतो ते ढगातलं संगीत? "अरे, मशिनमधून असे ढग पहिल्यांदा काढले कुणी?" कुणी ते सुहासला आता पाठ झालं होतं.

एकदा मी वैतागून विचारलंच, "काका, एवढं काय केलं हो या जर्मनांनी?"

माझीच चूक. काका खुर्ची ओढून बसले. "हे बघ अनघा. युद्ध हरलेल्या देशातली पोरं. बापाला विचारायची सोय नाही, की बाबा, तेव्हा तुम्ही काय करत होतात? बापाची गाणी गायची लाज वाटायची, अमेरिकेची गावीत तर ती उसनी. मग करायचं काय? पाटी पुसायची. सूर नको, कडवं नको, हिरो नको. एक ठोका धरायचा आणि त्यावर जे सुचेल ते. तेव्हा लोक हसले. आज सगळं जग त्या ठोक्यावर नाचतंय आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही." शेवटचं वाक्य ते अशा आवाजात म्हणाले, की जणू त्या पोरांच्या पेन्शनीचा अर्ज यांच्याच टेबलावर अडकला असावा.

गंमत म्हणजे या माणसानं आयुष्यात जर्मनीत पाऊल ठेवलेलं नाही. पुण्यात कंपनीनं सांगितलं, जर्मनीला पाठवतो, भाषा शिका. काका चार वर्षं इमानेइतबारे शिकले. वर्गातल्या बाईंनी ऐकण्याच्या सरावासाठी एक कॅसेट दिली. तिच्यात एका बाजूला पाठ होते आणि दुसऱ्या बाजूला चुकून राहिलेलं हे संगीत. पाठ राहिले बाजूला, काका दुसऱ्या बाजूच्या नादी लागले. मग कंपनीनं त्यांना पाठवलं जपानला. "दोन वर्षांसाठी आलो होतो," असं ते सांगतात, आणि त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. कारखान्यातल्या यंत्रांची थरथर मोजायची आणि ती थांबवायची, हे त्यांचं काम. आता निवृत्त झालेत, पण वॉशिंग मशीन जरा डुगडुगलं की आम्ही मेकॅनिकच्या आधी त्यांनाच हाक मारतो. ते कान लावतात, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात आणि मशीन गप्प होतं.

एका रविवारी त्यांनी आम्हाला "ऐकायला" बोलावलं. आम्ही जेवायला समजून उपाशी गेलो. दामलेकाकूंनी चिवडा पुढे केला. काकू म्हणजे गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला गोड. हल्ली जरा हळू चालायच्या, आणि बशीत कप किणकिणला की दुसऱ्या हातानं तो धरायच्या. काकांनी रेकॉर्ड लावली. ड्रम सुरू झाला. टक टक टक टक. दोन मिनिटं झाली, चार झाली. मी गाणाऱ्याची वाट बघत होते. सुहास डोळे मिटून तल्लीन झाला होता, असं मला वाटलं. तो घोरला तेव्हा खरं कळलं.

"काका, आता काय होणारे?" मी हळूच विचारलं.

"काही नाही," काका प्रसन्नपणे म्हणाले. "अजून अकरा मिनिटं काहीही होणार नाही."

खरं सांगते, सातव्या की आठव्या मिनिटाला मला काहीतरी झालं. माझा पाय हलायला लागला होता आणि डोक्यातली ऑफिसची कटकट कुठेतरी मागे पडली होती. पण हे मी काकांना मुळीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दर रविवारी चिवडा!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. बिनसलं ते गणपतीवरून.

आमच्या मंडळाचा गणपती वॉर्डाच्या हॉलमध्ये बसतो. हॉल संध्याकाळी सातला रिकामा करून द्यायचा. सात म्हणजे सात; झाडून, खुर्च्या रचून, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून. मंडळाची सेक्रेटरी मी. माझा स्वभाव आधीच उतावळा, त्यात हा हॉल. आणि आपल्याकडची आरती कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या कडव्याला सगळे सोज्वळ असतात. तिसऱ्या आरतीपर्यंत कुत्रं मागं लागल्यासारखी ती पळायला लागते. आणि शेवटी शब्द कोण म्हणतंय, टाळ्या कोण वाजवतंय, कशाचा कशाला मेळ नसतो. त्यातच मजा असते. घरोघरी तेच चालतं.

पण झांजा काकांच्या हातात! पहिल्या ठोक्याला जो वेग, तोच शेवटच्या ठोक्याला. चाळीस माणसं पुढे धावताहेत आणि हे एकटे मागे, टक टक टक टक. गेल्या वर्षी तर कहर झाला. अर्धी माणसं आमच्याबरोबर, अर्धी काकांबरोबर. दोन आरत्या एकमेकींना आडव्या गेल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. हॉल सोडायला वीस मिनिटं उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी मी मिठाईचा खोका घेऊन हॉलच्या व्यवस्थापकांपुढे कमरेत वाकून आले. ते एक शब्द बोलले नाहीत. जपानात न बोलणं मनाला फार लागतं हो.

म्हणून या वर्षी, गणपतीला दोन आठवडे असताना, मी काकांना जिन्यात गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, "काका, राग मानू नका, पण यंदा झांजा सुहासला देऊ या. तुम्ही पुढे खुर्चीत बसा. तुमचे जर्मन देवाच्या दारी नकोत."

मला वाटलं वाद घालतील. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि घरात गेले.

पुढच्या रविवारी सकाळी मी शिनकावा कालव्याच्या कडेनं सायकलवरून भाजी घेऊन येत होते. लांबून मला काका-काकू दिसले. काकू रस्त्यात उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. अंग पुढे झुकलेलं, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मला वाटलं, वाद चाललाय. मग काकांनी काकूंच्या शेजारी उभं राहून आपल्या मांडीवर थाप मारायला सुरुवात केली. टक टक टक टक. चार ठोके, आठ ठोके. आणि काकूंचा पाय उचलला गेला. मग दुसरा. दोघं चालायला लागली, शाळेतल्या कवायतीसारखी. कालव्याच्या पुलापर्यंत ठोका एकदाही इकडचा तिकडे झाला नाही.

मी सायकलवरून उतरले. काकूंना बाकावर बसवून काका माझ्याकडे आले.

"पार्किन्सन्स," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. दारात, उंबऱ्यात, अरुंद जागेत पाय अडकतात तिचे. एकदा स्वयंपाकघराच्या दारात अशीच उभी राहिली, पंधरा मिनिटं. रडायला लागली. मला काही सुचेना. घाबरलो की मी रेकॉर्ड लावतो, तशी लावली. आणि ही चालत बाहेर आली! डॉक्टर म्हणाले, होतं असं, सरळ ठोका मिळाला की पायांना वाट सापडते. पण वेग वाढता कामा नये. वाढला तर पावलं छोटी छोटी होऊन धावायला लागतात आणि ती पडते."

"काका, गेल्या वर्षी आरतीत..."

"गेल्या वर्षी ती दारापासून पुढे येत होती. मीच म्हटलं होतं, मी वाजवतो, तू ये. कुणाचा हात न धरता देवापर्यंत जायचं होतं तिला. तुमची सगळ्यांची तोंडं गणपतीकडे. तुम्ही पळालात आणि तिचे पाय तुमच्यामागे पळायला लागले. मी ठोका सोडला नाही, म्हणून ती खुर्ची धरून उभी तरी राहिली. त्यानंतर चार माणसांत येत नाही. यंदा येणार नाही म्हणते." ते कालव्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं मशिनची थरथर काढली गं मी. हिची नाही काढता येत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच त्यांचा हात धरला आणि रडले. रस्त्यावरून धावणारा एक जपानी गृहस्थ सभ्यपणे दुसरीकडे बघत गेला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"ती नको म्हणते. लोक कीव करतील म्हणते. वेडा नवरा म्हणून माझ्यावर हसलेलं तिला चालतं."

मी घरी आले आणि मंडळातल्या प्रत्येकाला फोन केला. कारण कुणालाच सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, की यंदा आरती काकांच्या ठोक्यावर होईल, आणि जो पुढे पळेल त्याला प्रसाद मिळणार नाही. सुहास म्हणाला, "तुला काय झालं? तूही जर्मन झालीस?" मी म्हटलं, "हो. झाले." मग काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, आरतीला तबक कुणी धरायचं याची मला चिंता पडलीये. तुम्ही आलात तर बरं." काकूंनी तबक केवढं आहे ते विचारलं. येते म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

आरतीच्या दिवशी सगळे जमले. काका समईपाशी झांजा घेऊन उभे होते आणि दाराकडे बघत होते. सहा वाजून गेले. मी आठवडाभर हॉलच्या वेळेची धास्ती घेतली होती, आणि आता घड्याळाकडे बघायचंही मला सुचत नव्हतं. तेवढ्यात काकू दारात दिसल्या, निळी साडी, पायांत मोजे. चपला काढायच्या पायरीशी आल्या आणि तिथेच अडकल्या. मी पुढे धावणार होते, पण काकांनी मान हलवली. नको.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं. टक टक टक टक. मग मी टाळ्या धरल्या, रेवानं धरल्या, आणि हळूहळू चाळीस जणांनी धरल्या. आरती सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला नेहमीच्या सवयीनं कुणीतरी पुढे सटकायला गेलं, त्याला त्याच्या बायकोनं कोपरानं ढोसलं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला तेवढा वेग धरून ठेवणं म्हणजे शिक्षा होती, पण मी दातओठ खाऊन धरला. काकूंनी पाऊल टाकलं. आमची तोंडं या वेळी गणपतीकडे नव्हती. देवानं समजून घेतलं असावं. दारापासून देवापर्यंत बावीस पावलं, कुणाचाही हात न धरता. काकूंनी तबक घेतलं तेव्हा ते थरथरत होतं, ज्योत हलत होती, आणि काका झांजा वाजवत मोठ्यानं, बेसूर आवाजात आरती म्हणत होते. त्यांचे डोळे वाहत होते.

हॉल सोडायला बारा मिनिटं उशीर झाला. मी व्यवस्थापकांपुढे वाकले आणि मनात म्हटलं, उद्या मिठाईचे दोन खोके आणते.

खुर्च्या रचून झाल्यावर मी काकूंपाशी टेकले. काका पलीकडे सुहासला काहीतरी पटवत होते. बहुतेक आपली आरतीसुद्धा कुठली ते.

"काकू," मी म्हटलं, "आता तरी आवडायला लागलं असेल ना तुम्हाला हे जर्मन संगीत?"

"छे गं!" काकू हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून डोकं उठतं माझं. लग्नानंतर महिन्याभरातच सांगणार होते." त्यांनी काकांकडे पाहिलं. "पण हल्ली रात्री त्यांना झोप लागली की मी हात लावून बघते, त्यांच्या छातीत चाललंय ना सरळ. ते असेपर्यंत मी चालेन. पुढचं मला माहीत नाही."