बोंबलांची राखण

दुर्बीण मी घ्यायलाच नको होती. इथे आखातात, अझैब्यात, आमच्या मागच्या इमारतीतला एक गोरा साहेब देश सोडून चालला होता. त्याने घरचं सामान विकायला काढलं होतं आणि मी गेलो होतो इस्त्रीचं टेबल आणायला. परत आलो तो गळ्यात दुर्बीण घालून. (इस्त्रीचं टेबल आमच्याकडे अजून नाही. माझा शर्ट बघणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.)

आता घेतलीच आहे म्हणून रोज संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहू लागलो. समोर पाण्याच्या टाक्या आणि टाक्यांवर कबुतरं, एवढाच काय तो नजारा. पण आमच्या बारा वर्षांच्या सिदराने शाळेतल्या नेचर क्लबात उभं राहून सांगितलं, "माय अब्बा इज अ बर्डर." बाईंनी विचारलं, कोणते पक्षी बघतात? कबुतरं म्हणायची तिला लाज वाटली असावी. ती म्हणाली, गिधाडं. एवढ्यावर थांबली असती तर ती माझी मुलगी कसली! रविवारी, म्हणजे इथल्या शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, फोटो आणून दाखवते, असंही कबूल करून आली.

"अब्बा, प्लीज. मी ऑलरेडी सांगितला," ती म्हणाली. तिचं मराठी असं अडखळत येतं. "फोटो नाय आणला तर सगळे मला लायर बोलतील." आणि तिचे डोळे भरून आले.

मी एसीच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे. कुणी काही मागितलं की "इन्शाल्ला, उद्या" म्हणून वाटेला लावण्यात माझी उभी हयात गेली. पण पोरीच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे ती युक्ती चालेना. बापाबद्दल तिने मारलेली थाप खरी करून दाखवणं मला भागच होतं.

आमच्या ऑफिसातले रमणसाहेब पक्ष्यांतले दर्दी. त्यांना गाठलं.

"शुक्रवारी निझव्याकडच्या एका वादीत, डोंगरातल्या कोरड्या नदीत, जातोय. घरच्यांना घेऊन या," ते म्हणाले. "पण माझे नियम आहेत, शरीफभाई. कपडे तपकिरी. अत्तर नाही, बडबड नाही आणि वासाचं खाणं अजिबात नाही."

खतिजाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, घरी येऊन हे सांगितलं तर ती ताबडतोब तयार झाली. एरवी तिला बाजारात न्यायचं तरी मला दोन दिवस आधी अर्ज करावा लागतो. मला तिथेच शंका यायला हवी होती.

झालं होतं असं की दाभोळहून सासूबाईंनी साठ सुके बोंबील पाठवले होते. ते फ्लॅटमध्ये भाजायची सोय नाही. मागे एकदा भाजले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी लिफ्टमध्ये काहीतरी मेलंय म्हणून वॉचमनला वर धाडलं होतं. तेव्हापासून आमच्या घरी पिकनिक म्हणजे बोंबील भाजायला मोकळी जागा. एकदा भाजून डब्यात भरले की दोन-तीन महिने बघायला नको.

शुक्रवारी सकाळी आम्ही वादीत पोचलो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मधून दगडगोट्यांची वाट आणि खाली एक हिरवं डबकं. अर्धा तास चाललो आणि माझे गुडघे बोलायला लागले. (नियमाविरुद्ध बोलणारे तेवढेच.) रमणसाहेबांनी सिदराला आपला लांब लेन्सवाला कॅमेरा दिला आणि तिला घेऊन ते समोरच्या कड्यावर चढले. मी मागोमाग निघणार, तोच खतिजाने पिशवीतून सिगडी काढली.

"खतिजा, अगं नियम..."

"नियम त्यांचे ते त्या डोंगरावर. आपण या डोंगरावर आहोत."

पाऊण तासात साठ बोंबील भाजून झाले. गार व्हायला म्हणून तिने पांढरी शुभ्र चादर एका सपाट खडकावर अंथरली आणि त्यावर ते ओळीने मांडले. मग काठी माझ्या हातात दिली.

"मी खाली डबक्यावर भांडी घासून येते. तुमी फक्त राखण करा. एक पाखरू बसता कामा नये."

म्हणजे मी पक्षी बघायला आलो आणि पक्षी हाकलायला बसलो. ऊन लागत होतं म्हणून तपकिरी टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला आणि उकिडवा बसून राहिलो. आकाशात चिटपाखरू नव्हतं. समोर साठ बोंबील होते. एक मी नुसता चवीला घेतला. राखण करणाऱ्याला माल तपासावा लागतो, हे स्टोअरमधलं तत्त्व आहे.

किती वेळ तपासत होतो कुणास ठाऊक. अचानक चादरीवर सावली पडली. वर बघतो तर पिवळ्या तोंडाचं, दरवाजाएवढ्या पंखांचं पांढरं गिधाड! ते सरळ चादरीवर उतरलं. पाठोपाठ दुसरं. माझी काठी सवयीने वर गेली. तेवढ्यात समोरच्या कड्यावर सिदरा दिसली. कॅमेरा डोळ्याला आणि एक हात माझ्याकडे. हलू नका.

एका बाजूला सासूबाईंचे बोंबील आणि दुसऱ्या बाजूला पोरीची इज्जत. मी काठी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा खतिजाचा हुकूम मी समजून-उमजून मोडला.

आणि खतिजा वर आली. हातात तवा. चादरीवरचा प्रकार बघून तिने तो उगारला. मी नुसतं समोर बोट दाखवलं. तिने वळून पोरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तवा हळूच खाली ठेवून ती तिथल्याच एका दगडावर बसली.

"खाऊ दे," ती पुटपुटली. "अम्मीला परत पाठवायला सांगू."

मला ती इतकी आवडली, की काय सांगू!

गिधाडं उडाल्यावर सिदरा धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. रमणसाहेब दुर्बिणीच्या तीन पायांच्या स्टँडसकट धापा टाकत आले. पंधरा वर्षांत त्यांना इतक्या जवळून गिधाड दिसलं नव्हतं.

"वासाने येत नाहीत ती. वरून पांढऱ्या चादरीवर खाणं दिसलं त्यांना," ते म्हणाले. "काय डोकं लढवलंत, शरीफभाई! नोंद केली मी. दोन प्रौढ आणि एक पिल्लू. पिल्लू तुम्ही पाहिलंत ना? तपकिरी, जरा स्थूल. तुमच्याच बाजूला होतं."

"पाहिलं ना," मी म्हणालो. (बर्डरने पिल्लू पाहिलं नाही, असं कसं म्हणायचं?)

खतिजा बोंबील मोजत होती. "तेवीस उरलेत. दोन गिधाडांनी सदतीस खाल्ले?"

"वाळवंटातला पक्षी," मी म्हणालो. "उपाशी असतो बिचारा."

रविवारी क्लबात आलेल्या सगळ्या फोटोंत सिदराच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. तिच्यासाठी सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं संध्याकाळी मुद्दाम शाळेत गेलो. फळ्यावर केवढा मोठा करून लावला होता! खाली बाईंनी रमणसाहेबांची नोंद सुवाच्य अक्षरात लिहिली होती, दोन प्रौढ आणि एक पिल्लू. माझी छाती फुगली. मग मी जवळ जाऊन पिल्लू शोधलं. ते मागे उकिडवं बसलं होतं, डोक्यावर टॉवेल होता आणि तोंडातून बोंबलाचं शेपूट लोंबत होतं.

खतिजानेही वाकून फोटो बघितला.

"नोंद बरोबर हाय," ती म्हणाली. "बोंबील तिघांनीच खाल्ले."