होय की नाही, तेवढंच सांगा

शिरगुप्पे वकिलांनी कुणाला ‘कसे आहात?’ असं विचारलेलं मी पाच वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटले की ते काळ्या कोटाचं बटण लावत, साक्षीदाराकडे बघावं तसं माझ्याकडे बघत आणि म्हणत, “तब्येत बरी आहे, होय की नाही?” मी होय म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न. “आज उशीर झालाय, होय की नाही?” सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत माझ्याकडून चार गोष्टी कबूल करून घेतल्या की मगच मला सुट्टी मिळायची.

वकीलसाहेब मूळचे निपाणीकडचे. तीस वर्षं बेंगळुरूच्या कोर्टात फौजदारी वकिली केलेले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या इमारतीत बाकी सगळे आमच्यासारखे पुण्या-नागपूरहून आलेले लॅपटॉपवाले. त्यांत काळा कोट हा एकच. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. अण्णा भाजीवाल्यालाही सोडत नसत. “ही भेंडी कालची. हौदो, अल्लवो?” तो बिचारा कन्नडमध्ये काही समजावू लागला की हात वर करून थांबवत. “भाषण नको. होय की नाही, तेवढंच सांग.” रिक्षावाले मात्र त्यांच्यावर डाव उलटवायचे. मीटरवर येतोस ना, असं दरडावून विचारलं की रिक्षावाला फक्त “इल्ला”, म्हणजे नाही, म्हणायचा आणि निघून जायचा. मग अण्णा रस्त्यावर उभे राहून म्हणायचे, “साक्षीदार फितूर झाला.”

या सगळ्याच्या मागे त्यांच्या गुरूंनी शिकवलेला एक नियम होता. “ज्याचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही, तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचाच नाही बघा. विचारलासा की मेलासा.” नियम कोर्टातला होता. अण्णांनी तो घरी आणून ठेवला होता.

अक्का शांत बाई. आमच्याकडे जेवायला आल्या तरी त्यांच्या वाट्याचं अण्णाच बोलायचे. “शकू, भात पुरे, होय की नाही?” “होय.” “शकू, कॉफीच घेणार तू, होय की नाही?” “होय.” ते दोघं गेले की मी त्यांची नक्कल करायचो. “मृणाल, आज भांडी तू घासणार, होय की नाही?” मृणाल, म्हणजे माझी बायको, हसून लोळायची. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. आठच दिवसांचं आजारपण. मूलबाळ नव्हतं. दिवस झाले, पाहुणे गेले आणि अण्णांनी हळूहळू कोर्टात जाणंच सोडलं. मी विचारलं, तर म्हणाले, “जाऊन करू काय? दिवसभरचं संध्याकाळी सांगायला घरात कोण आहे? घर खायला उठतंय नुसतं.”

आणि एक दिवस लिफ्टमध्ये त्यांनी जाहीर केलं, “इंजिनियर, मी व्हिएतनामला जातो. इंग्रजी शिकवायला.”

मला वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी खरंच परदेशातल्या शाळांकडे अर्ज केले होते. बऱ्याच शाळांनी पासपोर्ट भारतीय आहे म्हणून नकार कळवला. त्यांना इंग्रजी शिकवायला गोराच माणूस हवा होता. अण्णांनी अशा प्रत्येक शाळेला सहा पानी अपील पाठवलं. शेवटी एका लहान गावातली शाळा तयार झाली, अट एकच: आधी शिक्षकाचं प्रशिक्षण पूर्ण करायचं.

“पण अण्णा, या वयात तिकडे कशाला?”

“तिथं वर्गातल्या सगळ्यांना माझं ऐकावंच लागतंय, होय की नाही?”

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

प्रशिक्षणाचा वर्ग बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात, एका कापडदुकानाच्या वर होता. दर शनिवारी अण्णा तीन बस बदलून जायचे. शिकवायच्या सरावासाठी आजूबाजूच्या दुकानांतली माणसं येऊन बसत. अण्णांनी पहिल्या पाठाला फातिमाबी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना उभं केलं. “तुम्ही आज सकाळी सहाला उठलात. येस ऑर नो?” “येस सर.” “नंतर तुम्ही चहा केला. येस ऑर नो?” “येस सर.” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. चाळीस मिनिटं झाली आणि बारा विद्यार्थ्यांनी ‘येस’खेरीज एक शब्द उच्चारला नव्हता.

तिथल्या प्रशिक्षक शर्लीमॅडम, वयानं निम्म्या. त्या म्हणाल्या, “सर, सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, पण बोललं कुणीच नाही.” अण्णा नापास. पुढच्या पाठालाही तेच. शेवटच्या पाठाआधी मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही, तेच विचारा. विचारलं की गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा.”

हे सांगायला अण्णा आमच्याकडे आले तेव्हा फार घाबरलेले होते. हा पाठ गेला की नोकरीही जाणार होती. तीस वर्षं खुनाचे खटले चालवलेला माणूस. पण गप्प राहून दहा आकडे मोजायचे म्हटल्यावर आमच्याकडे बसून बोटांवर सराव करत होता.

शनिवारी ते पास झाले. रविवारी दुपारी पेढे घेऊन आले आणि मी न विचारताच सांगू लागले, “फातिमाबींना विचारलं, दुकान बंद झाल्यावर तुम्हाला काय आवडतं? आणि थांबलो. सातपर्यंत मोजलं, बघा. मग बोलल्या. मोडकं इंग्रजी, पण बोलल्या. म्हणे, मी पायरीवर दहा मिनिटं बसते. तेव्हा मला कुणी काही विचारत नाही.”

एवढं बोलून ते मृणालकडे वळले.

“ताई, एक विचारायचंय.”

मी सवयीनं ‘होय की नाही’ची वाट पाहिली.

“मी कोर्टात असताना शकू दुपारची तुमच्याकडं यायची. ती काय बोलायची?”

आणि गप्प बसले. गुडघ्यावर त्यांचं बोट एकेक आकडा मोजत होतं. मृणालनं माझ्याकडे पाहिलं. दुपारच्या त्या बैठकांतलं तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. बोट दहाच्या पुढे गेलं, तरी अण्णा बोलले नाहीत.

“चहा प्यायच्या,” मृणाल म्हणाली.

“शकू? चहा?”

“आल्याचा. दोन चमचे साखर घालून. अण्णा, कॉफी त्यांना आवडायचीच नाही. वासानं मळमळायचं. म्हणायच्या, हे इतक्या हौसेनं पेला पुढं करतात, नको कसं म्हणू?”

अण्णांनी हरकत घेतली नाही. म्हणाले, “आणखी?”

“तुमच्या केसेस सांगायच्या. तुमच्यासारखा आवाज काढून. ‘होय की नाही, तेवढंच सांगा’ असं म्हणायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.”

अण्णा तोंडावर हात ठेवून बसून राहिले. मला तिथे बसवेना. मी उठून चहा टाकला. आलं घातलं, साखर दोन चमचे.

पुढच्या गुरुवारी त्यांचं विमान होतं. तोवर रोज दुपारी तीनला, अक्कांच्या वेळेला, ते आमच्याकडे यायचे, अक्का बसायच्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि “आणखी?” म्हणायचे. घरूनच काम करणारी मृणाल ऑफिसच्या मीटिंग पुढे ढकलून आठवेल तसं सांगायची. अक्कांना भात करपलेला आवडायचा. आनेकलच्या बसमध्ये बसून एकदा त्या एकट्याच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या होत्या, काही काम नसताना, सहज.

बुधवारी मीही घरी होतो. मृणाल हळूच म्हणाली, “अण्णा, संपलं हो. मला आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं.”

अण्णांनी मान हलवली. कप खाली ठेवला. ते आता उठतील असं मला वाटलं.

“मग पहिल्यापासून सांगा, ताई,” ते म्हणाले. “चहापासून.”