समाधान आहे का?

ढब्बूचा कान पहाटेपासून ठणकत होता. ताईला ऑफिसातून रजा मिळेना. जाता जाता तिने दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढून दिला, पाच वर्षांच्या ढब्बूला मामाच्या हवाली केलं आणि बजावलं, "डॉक्टरीणबाई एकला उठतात. मग थेट परवा येतात. एवढं एक काम तरी धड कर!"

मामाने धड केलेल्या कामांची यादी फार लांब नव्हती. त्यामुळे लहान मुलांच्या विभागात, रडक्या पोरांच्या आणि वैतागलेल्या आयांच्या गर्दीत बसल्या बसल्याच तो सारखा घड्याळाकडे बघत होता.

दहा वाजता हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन एक मुलगी आली. थांबण्याच्या वेळेबद्दल घरच्यांना काय वाटतं, याची पाहणी चालू होती.

"इथल्या व्यवस्थेबद्दल समाधान आहे का?"

"नाही!"

"थोडंसं तरी?"

"कणभरसुद्धा नाही. लिहा!"

तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं आणि सिस्टरचं डोकं बाहेर आलं. "समाधान आहे का?"

"नाही!" मामा गरजला. डोकं आत गेलं.

"बघितलंत? विचारायचं, आणि ऐकून घ्यायला थांबायचं नाही," मामा शेजारच्या आजीबाईंना म्हणाला. आजीबाईंनी जोरात मान डोलावली. ढब्बू मांडीवरून अर्धवट उठला होता, त्याला मामाने खाली दाबून बसवलं. "गप बस रे, मोठी माणसं बोलतायत."

अकराला सिस्टर पुन्हा आली. "समाधान? समाधान आहे का?"

"इथे कोणाचंच नाही!" मामा उठून उभाच राहिला. चार बापांनी त्याला दुजोरा दिला. सिस्टरने कपाळाला आठ्या घालून पुढच्या पोराला आत घेतलं. बाराला तिने शेवटचं विचारलं आणि मामाने शेवटचं ठणकावलं.

हळूहळू बाकं रिकामी झाली. मागून आलेली पोरं औषधं घेऊन घरी गेली. आजीबाईही नातीला घेऊन गेल्या. आता ढब्बू कानावर हात धरून मुसमुसायला लागला आणि मामाचा सगळा आवेश उतरला. पोराचं अंग तापलं होतं. एकला पाच मिनिटं होती. परवापर्यंत याने हे कसं सोसायचं? मामाला रडूच यायचं बाकी होतं. तो ढब्बूला उचलून खिडकीकडे धावला.

"ढब्बूचा केसपेपर कुठाय हो?"

कारकुनाने कागद चाळले. "ढब्बू नाही. एकच उरलाय. समाधान."

"अहो, किती वेळा सांगू? नाही, नाही, नाही!"

"म्हणूनच गैरहजर लिहिलंय."

मामाच्या खांद्यावरून बारीक आवाज आला. "मामा, ते मी आहे. आई मला समाधान म्हणते ना."

फक्त ताई एकटी ढब्बूला ज्या लाडक्या नावाने हाक मारायची, तेच तिने घाईघाईत लिहून टाकलं होतं! मामाने कपाळावर हात मारला. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तूच नाही म्हणत होतास," ढब्बूचा ओठ थरथरला. "सारखा सारखा."

 मामाने पोराला घट्ट धरलं आणि वळून पाहिलं, तर डॉक्टरीणबाई पर्स घेऊन जिन्याच्या तोंडाशी पोचल्या होत्या. मामा जिवाच्या आकांताने पळत सुटला. "समाधान आहे! अहो बाई, समाधान आहे! खूप आहे!"

डॉक्टरीणबाई थबकल्या. "हे सांगायला कोणी माझ्यामागे धावलं नव्हतं हो अजून," त्या भारावून म्हणाल्या. मामाने धापा टाकत ढब्बूला पुढे केलं. बाई तशाच परत फिरल्या. त्यांनी कान तपासला, औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत. परवापर्यंत फार त्रास झाला असता पोराला."

बाहेर येईतो ढब्बू खांद्यावरच झोपी गेला होता. ताईचा फोन आला.

"काय रे, खूप ताटकळायला लागलं का?"

"छे गं," मामा हळूच म्हणाला, "त्यांनी सगळ्यात आधी आपल्यालाच बोलावलं होतं."