लॅपटॉपवरचा क्रोशाचा रुमाल

ज्या वस्तूवर रुमाल नाही ती वस्तू घरात आलेली असते, पण घरची झालेली नसते. सर्बियातल्या ट्रस्टेनिक गावात हे तत्त्व सर्वमान्य आहे. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रीजवर क्रोशाचा रुमाल, शेगडीवरसुद्धा रुमाल (तो अधूनमधून जळतो, म्हणून अधूनमधून नवा विणतात, दोष शेगडीला दिला जातो). म्हणून याच गावच्या नेबोयशानं नॉर्वेहून आईला लॅपटॉप पाठवला, तेव्हा त्याच संध्याकाळी त्याच्या आजीनं, परसिदाबाईंनी, क्रोशाची सुई काढली यात नवल काहीच नव्हतं.

लॅपटॉपचं प्रयोजन एकच होतं. नेबोयशाला मुलगा झाला होता आणि त्याच्या आईला, विदोसावाला, नातवाचं तोंड पाहायचं होतं. सासूबाईंचे, म्हणजे परसिदाबाईंचे, गुडघे आणि सासूबाईंच्या कोंबड्या सोडून तिला नॉर्वेला जाता येत नव्हतं, म्हणून ही सोय.

पहिला रुमाल जरा लांब झाला आणि पडद्याच्या वरच्या कडेवरून कॅमेऱ्यावर लोंबू लागला. तिकडून नेबोयशा म्हणाला, "आई, मला नुसतं गुलाबाचं फूल दिसतंय." परसिदाबाईंनी ही तक्रार रास्त मानली आणि कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवून दुसरा रुमाल विणला. कॅमेऱ्याशेजारी आणखी एक बारीक डोळा असतो, तो खोलीतला उजेड मोजतो आणि त्याप्रमाणे पडद्याचा उजेड कमीजास्त करतो. त्यावर मात्र गुलाबाची एक जाड पाकळी आली. डोळ्याला वाटलं, रात्र झाली. त्यानं पडदा मंद केला आणि मंदच ठेवला. चुकीच्या माहितीवर अचूक काम करणं हे कर्तव्यदक्षतेचं लक्षण आहे (अनेकांना याबद्दल बढतीही मिळते).

आता उजेडाचं बटण दाबलं की पडदा क्षणभर उजळे आणि लगेच मावळे. विदोसावाच्या नवऱ्यानं, रादिसावनं, ते बटण आधी हळू दाबलं, मग जोरात, मग चष्मा लावून. शेवटी त्यानं लॅपटॉपच्या बाजूला थाप मारली, कारण जुना टीव्ही थापेचं ऐकत असे. लॅपटॉप काही मनावर घेईना.

शेजारी तिहोमिर कारखान्यातला निवृत्त वायरमन. दारात पाऊल टाकताच त्याचं निदान झालं: दोन खिडक्यांमधून आरपार जाणारा वारा. ट्रस्टेनिकमध्ये शंभरातली नव्वद दुखणी या वाऱ्यानं होतात. उरलेल्या दहांच्या वेळी खिडकी कुणी उघडली होती याचा तपास चालू असतो. खिडक्या लावल्या, झडपा ओढल्या. खोली काळोखी झाली. मुळातच मंद असलेला पडदा आता दिसेनासा झाला. "बघ, वारा बाहेर पडतोय," तिहोमिर म्हणाला. त्याला कॉफी दिली.

मग बाजारपेठेतला, संगणकदुरुस्ती रीतसर शिकलेला बोरिवोये आला. परक्याच्या घरचा रुमाल हाताळायची रीत त्याला ठाऊक होती. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, एकही सुरकुती न पाडता उशीवर ठेवला आणि लॅपटॉप तपासला. पडदा लख्ख होता. मग त्यानं कॉफी घेतली, आलुबुखाराची घरची दारू घेतली, यंत्र निर्दोष असल्याचं जाहीर केलं आणि रुमाल होता तसा परत ठेवून तो गेला. त्याची पाठ वळली की पडदा अंधारायचा. असा तो अनेकदा आला. विदोसावाला वाटू लागलं, हे यंत्र माणूस बघून वागतंय. तिला रडू यायचं. नातू समोर असायचा आणि दिसायचं ते फक्त काहीतरी गोल आणि फिकट.

त्या गोल आणि फिकट पुराव्यावरूनच परसिदाबाईंनी निकाल दिला. "हनुवटी माझ्या मिलिसावची आहे," त्या म्हणाल्या. मिलिसाव त्यांचे कैलासवासी यजमान. निकाल गल्लीभर गेला. तिहोमिरनंही येऊन पडद्यात डोकावून दुजोरा दिला. मिलिसावला त्यानं पाहिलेलं होतं. बाळ मात्र कुणालाच दिसलेलं नव्हतं, त्यामुळे मतभेदाला जागा राहिली नाही.

ईस्टर जवळ आला तेव्हा घरातले सगळे रुमाल धुऊन खळीला पडले. नेमका त्याच दिवशी नेबोयशाचा फोन आला. पडदा उघडाबोडका आणि लख्ख. बाळ आपल्या आईच्या वडिलांच्या, त्या नॉर्वेजियन आजोबांच्या, मांडीवर बसलेलं. तेच कान, तेच कपाळ, आणि हनुवटी तर एकाच साच्यातली. बाळ हसलं. विदोसावाला इतका आनंद झाला की तिनं पडद्यावरच त्याचा पापा घेतला.

परसिदाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडदा बिघडलाय गं. बोरिवोयेला बोलव."

बोरिवोये रुमाल उचलून ठेवायचा त्या उशीकडे विदोसावानं पाहिलं, दोरीवरच्या रुमालाकडे पाहिलं, आणि इतक्या खटपटीनंतर तिला सगळं उमगलं. सांगावं असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण सासूबाई अजून पडद्यावर मिलिसावची हनुवटी शोधत होत्या. ती उठली, रुमाल ओलाच आणला आणि नीट पसरला. पडदा मंदावला.

"बोलवायला नको, आई. झाला बघा दुरुस्त."

"दिसतेय ना हनुवटी?"

"दिसतेय ना. अगदी बाबांची."

हल्ली सासूबाई कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेल्या की ती रुमाल उचलून नातवाला डोळे भरून पाहून घेते.

वाचकांना सर्बियन लोकांच्या या भोळेपणाचं हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. फक्त एवढंच आठवून बघा: परवा तुम्ही बाळ बघायला गेला होतात. ते दुपट्यात गुंडाळून झोपलं होतं, डोक्यावर टोपडं होतं, दिसत होतं ते जेमतेम नाकाचं टोक. तुम्ही वाकून पाहिलंत आणि कुणावर गेलंय ते लगेच सांगितलंत.